लिनक्समधला स्वॅप: कधी घाबरायचं, किती ठेवायचा आणि कसा आवरायचा

फ्री कमांड मारली, खालच्या ओळीत स्वॅप २ जीबीपैकी १.९ जीबी भरलेला दिसला, की बहुतेकांच्या पोटात गोळा येतो. मग कुणीतरी सांगतं स्वॅपिनेस (स्वॅप किती वापरायचा ते ठरवणारं सेटिंग) शून्य कर, दुसरा म्हणतो स्वॅपच बंद करून टाक, एवढी रॅम असताना कशाला पाहिजे. मीपण बरीच वर्षं हेच केलंय, आणि त्यातून मशीन फास्ट झालं असं एकदाही झालं नाही, उलट दोन-तीनदा पार गोठलं.

स्वॅप म्हणजे रॅममधलं सध्या न लागणारं ठेवायची डिस्कवरची जागा, घरातला माळा समजा. माळा भरलाय म्हणून कुणी घाबरत नाही, जे लागत नाही ते वर टाकलंय, पडू दे तिथे. पण दर दोन मिनिटांनी शिडी लावून काहीतरी वर ठेवायला आणि दुसरं काहीतरी खाली काढायला लागलं, तर मात्र घरात दुसरं काही कामच होणार नाही. स्वॅपचंही तेच, किती भरलाय यापेक्षा चढउतार किती चाललीय ते बघायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

एक सूचना आधीच. कमांड्स मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमधे त्या रोमन अक्षरात आणि इंग्रजी आकड्यांतच टाकायच्या, स्पेस, डॅश, स्लॅश जिथे दिसतायत तिथेच. जिथे सिस्टिमची फाईल किंवा सेटिंग बदलतोय तिथे कमांडच्या आधी सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार देणारा शब्द) लागेल.

स्वॅपमधे नक्की जातं काय

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीचे छोटे तुकडे करतो, त्यांना पेज म्हणतात, नेहमीच्या इंटेल-एएमडी मशीनवर एक पेज ४ केबीचं. यात ढोबळ दोन जाती. पहिली फाईलवाली पेजेस: प्रोग्रामचा कोड, लायब्ररी, डिस्कवरून वाचून कॅशमधे ठेवलेला डेटा. याची मूळ प्रत डिस्कवर आहेच, त्यामुळे जागा लागली की कर्नल ती सरळ फेकून देतो, परत लागली तर परत वाचतो. दुसरी जात अ‍ॅनॉनिमस पेजेस, म्हणजे चालू प्रोग्रामने स्वतः मागून घेतलेली मेमरी, ब्राउझरचे टॅब, डेटाबेसचे बफर वगैरे. यांची दुसरी प्रत कुठेच नाही, त्यामुळे रॅममधून हलवायची तर जायला एकच जागा, स्वॅप.

आता स्वॅप बंद केला तर काय होतं बघा. दुसऱ्या जातीचं काहीच हलवता येत नाही, आठ दिवस कुणी हात न लावलेलं पेजसुद्धा रॅममधे ठाण मांडून बसतं, आणि सगळा दबाव येतो फाईलवाल्या पेजेसवर. शेवटी कर्नल चालू प्रोग्रामचाच कोड फेकतो, पुढच्या क्षणी तो परत लागतो म्हणून डिस्कवरून वाचतो, परत फेकतो. स्वॅप नसलेलं मशीन पण डिस्कचा लाईट सतत पेटता ठेवून गोठतं ते यामुळे. "स्वॅप नाही म्हणजे स्वॅपिंगचा त्रास नाही" हे अर्धसत्य आहे.

पायरी १: आधी मोजा, मग हात लावा

फ्री -एच

यात फ्री नावाच्या कॉलमकडे दुर्लक्ष करा, तो कायम कमीच दिसणार कारण लिनक्स रिकामी रॅम कॅशसाठी वापरतो. बघायचा तो शेवटचा कॉलम, अव्हेलेबल. तेवढी मेमरी नवीन प्रोग्रामला स्वॅप न करता मिळू शकते असा कर्नलचा अंदाज असतो.

स्वॅपऑन --शो

ही स्वॅप कुठे आहे, पार्टिशन की फाईल, किती मोठा, किती वापरात आणि प्रायॉरिटी काय ते दाखवते. आता खरी कमांड:

व्हीएमस्टॅट १

दर सेकंदाला एक ओळ येते. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन चालू झाल्यापासूनची सरासरी असते आणि तीच बघून लोक गोंधळतात. पुढच्या ओळींत एसआय आणि एसओ हे दोन कॉलम शोधा. एसआय म्हणजे स्वॅपमधून रॅममधे येणारं, एसओ म्हणजे रॅममधून स्वॅपमधे जाणारं, दोन्ही दर सेकंदाला किती केबी. माझ्या एका मशीनवर स्वॅपमधे १.९ जीबी पडलेला असतो आणि एसआय-एसओ तासन् तास ० आणि ०. म्हणजे माळा भरलाय, शिडी कोपऱ्यात उभी आहे, काही करायचं नाही. मधेच एसओ दोन सेकंद उसळून परत शून्यावर आला तरी ठीक, कर्नलने आवराआवर केली. पण दोन्ही कॉलम एकाच वेळी हजारांत, मिनिटभर थांबायचं नाव नाही, सोबत बी कॉलममधे अडकलेल्या प्रोसेस आणि डब्ल्यूए म्हणजे डिस्कसाठी वाट बघण्याचा टक्का वर, हे दिसलं की समजायचं खरा आजार आहे, याला थ्रॅशिंग म्हणतात.

कर्नल ४.२० किंवा नंतरचा असेल तर अजून एक छान सोय आहे:

कॅट /प्रॉक/प्रेशर/मेमरी

दोन ओळी येतात, सम आणि फुल. फुलच्या ओळीत एव्हीजी१० समोर २० दिसलं तर गेल्या १० सेकंदांतला साधारण २० टक्के वेळ कामाच्या सगळ्याच प्रोसेस मेमरीची वाट बघत बसल्या होत्या असा अर्थ. नेहमी हा आकडा शून्य किंवा त्याच्या आसपास असतो. ही फाईल दिसली नाही तर काही डिस्ट्रोमधे (उबुंटू, फेडोरा अशा लिनक्सच्या आवृत्त्या) ती बूटच्या वेळी कर्नलला पीएसआय=१ देऊन चालू करावी लागते.

मग प्रश्न, माळ्यावर कुणाचं सामान आहे?

ग्रेप व्हीएमस्वॅप /प्रॉक/*/स्टेटस | सॉर्ट -के २ -एन -आर | हेड

सगळ्यात जास्त स्वॅप वापरणाऱ्या प्रोसेस वर येतात, पाथमधला आकडा तो प्रोसेसचा पीआयडी म्हणजे क्रमांक, पीएस -पी देऊन नाव काढा. एक खोच आहे, जी शोधताना मी अख्खी दुपार घालवली होती. सगळ्या प्रोसेसची बेरीज केली तरी ३०० एमबीच होत होती आणि स्वॅप मात्र ३ जीबी भरलेला. शेवटी कळलं की /टीएमपी हे टीएमपीएफएसवर, म्हणजे मेमरीतच राहणाऱ्या फाईलसिस्टिमवर होतं आणि कधीतरी मीच तिथे एक भलामोठा डंप टाकून विसरलो होतो. टीएमपीएफएस आणि शेअर्ड मेमरी पण स्वॅपमधे जाते पण व्हीएमस्वॅपमधे मोजली जात नाही. बेरीज जुळत नसेल तर डीएफ -एच मारून टीएमपीएफएसच्या ओळी बघा.

पायरी २: किती ठेवायचा

रॅमच्या दुप्पट हा नियम रॅम एमबीमधे मोजायच्या काळातला आहे, ६४ जीबीच्या मशीनला १२८ जीबी स्वॅप देऊन काय करणार. माझा अंदाज असा: रॅम २ जीबी किंवा कमी असेल तर तेवढाच किंवा दुप्पट, ८ जीबीला ४, त्याच्यावर कितीही असली तरी ४ ते ८ जीबी पुरतो. हायबरनेट वापरत असाल तर मात्र रॅमएवढा तरी ठेवा, कारण रॅममधलं सगळं तिथेच लिहिलं जातं. कर्नल ते दाबून लहान करायचा प्रयत्न करतो, पण त्या भरवशावर राहू नका.

जास्त ठेवला तर काय बिघडतं? बिघडतं. एखादा प्रोग्राम मेमरी लीक करत असेल आणि स्वॅप ३२ जीबीचा असेल, तोही फिरत्या हार्ड डिस्कवर, तर तो भरेपर्यंत मशीन अर्धा तास रखडतं आणि मग कुठे ओओएम किलर (मेमरी संपली की एखादी प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) जागा होतो. स्वॅप लहान असता तर दोन मिनिटांत प्रोग्राम मेला असता आणि तुम्ही लॉग वाचत असता.

पायरी ३: स्वॅप फाईल बनवा

वेगळ्या पार्टिशनची आता गरज उरलेली नाही, उबुंटूनेही १७.०४ पासून डीफॉल्टला फाईलच घेतली. ईएक्सटी४ या नेहमीच्या फाईलसिस्टिमवर ४ जीबीची फाईल अशी:

एफअ‍ॅलोकेट -एल ४जी /स्वॅपफाईल
सीएचमॉड ६०० /स्वॅपफाईल
एमकेस्वॅप /स्वॅपफाईल
स्वॅपऑन /स्वॅपफाईल

दुसरी ओळ गाळू नका. स्वॅपमधे पासवर्ड, की, उघड्या डॉक्युमेंटचे तुकडे काहीही असू शकतं, ती फाईल रूटशिवाय कुणाला वाचता येता कामा नये. स्वॅपऑन करताना फाईलमधे होल्स आहेत अशी तक्रार आली तर फाईल डिलीट करून डीडी ने बनवा, /डेव्ह/झीरो मधून १एम चे ४०९६ ब्लॉक, वेळ लागेल पण हमखास चालेल. फाईलसिस्टिम बीटीआरएफएस असेल तर हा मार्ग विसरा, तिथे कॉपी-ऑन-राईट बंद असलेलीच फाईल लागते, कर्नल ५.० पासून ते चालतं, आणि बीटीआरएफएस-प्रॉग्ज ६.१ पासून एका कमांडमधे होतं:

बीटीआरएफएस फाईलसिस्टिम एमकेस्वॅपफाईल --साईझ ४जी /स्वॅप/स्वॅपफाईल

यात /स्वॅप हे वेगळं सबव्हॉल्यूम असलेलं बरं, कारण ज्या सबव्हॉल्यूममधे चालू स्वॅप फाईल आहे त्याचा स्नॅपशॉट घेता येत नाही.

रीबूटनंतर टिकायला /इटीसी/एफएसटॅब (बूटच्या वेळी कुठल्या डिस्क आणि स्वॅप जोडायचे त्याची यादी) मधे शेवटी ही ओळ:

/स्वॅपफाईल नन स्वॅप एसडब्ल्यू ० ०

आणि रीबूट करून नशीब आजमावण्याआधी स्वॅपऑफ /स्वॅपफाईल करून स्वॅपऑन -ए मारा. ती एफएसटॅब वाचूनच स्वॅप चालू करते, म्हणजे ओळ चुकली असेल तर आत्ताच कळेल. माउंट -ए ने हे तपासलं जात नाही, ती स्वॅपच्या ओळी सोडून देते.

पार्टिशनवाल्यांसाठी एक अनुभव. मी एकदा स्वॅप पार्टिशनवर सहज परत एमकेस्वॅप मारलं, स्वॅपऑन केलं, सगळं मस्त. महिन्याने मशीन रीबूट केलं तर बूट होताना एका ओळीवर येऊन थांबलं, १ मिनिट ३० सेकंदांचा काऊंटर हळूहळू पुढे सरकतोय. मला वाटलं डिस्क गेली. झालं होतं एवढंच की एमकेस्वॅप दर वेळी नवीन यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख-क्रमांक) देतं आणि एफएसटॅबमधे जुनाच होता, सिस्टिमडी (बूटच्या वेळी सगळं चालू करणारा प्रोग्राम) बिचारा नसलेल्या डिव्हाईसची दीड मिनिट वाट बघत बसायचा. त्यामुळे एमकेस्वॅप झालं की लगेच बीएलकेआयडी ने नवीन यूयूआयडी काढा, एफएसटॅबमधे टाका आणि फाइंडएमएनटी --व्हेरिफाय मारून खात्री करा.

स्वॅप मोठा करायचाय? जुन्या फाईलला हात न लावता दुसरी फाईल बनवून चालू करा, मग जुनी स्वॅपऑफ करून उडवा. जुन्यातलं सामान रॅममधे किंवा नव्या फाईलमधे हलायला वेळ लागतो, कमांड अडकली म्हणून घाबरून जाऊ नका.

पायरी ४: स्वॅपिनेस

याच्याबद्दल जितके गैरसमज आहेत तितके क्वचितच दुसऱ्या सेटिंगबद्दल असतील. डीफॉल्ट ६० म्हणजे रॅम ६० टक्के भरली की स्वॅप सुरू, असं अजिबात नाही. जागा रिकामी करायची वेळ आली की कर्नलपुढे दोन पर्याय असतात, फाईलवाली पेजेस फेकायची की अ‍ॅनॉनिमस पेजेस स्वॅपमधे टाकायची, आणि त्यातलं कुठलं किती महाग पडेल हे तुम्ही या आकड्यातून सांगताय. १०० म्हणजे दोन्ही सारखेच महाग. कमी आकडा म्हणजे स्वॅप महाग आहे, शक्यतो टाळ. कर्नल ५.८ पासून हा आकडा २०० पर्यंत नेता येतो, त्याचा उपयोग पुढे झेडरॅममधे येईल.

बघायला सिसकंट्रोल व्हीएम.स्वॅपिनेस (सिसकंट्रोल टाईप करताना सगळीकडे एस-वाय-एस-सी-टी-एल), तात्पुरतं बदलायला:

सिसकंट्रोल -डब्ल्यू व्हीएम.स्वॅपिनेस=१०

कायमचं करायला /इटीसी/सिसकंट्रोल.डी/९९-स्वॅप.कॉन्फ या फाईलमधे व्हीएम.स्वॅपिनेस=१० एवढी एक ओळ आणि मग सिसकंट्रोल --सिस्टिम.

एसएसडीवाल्या डेस्कटॉपला मी ६० तसाच ठेवतो. स्वतःची कॅश स्वतः सांभाळणाऱ्या डेटाबेस सर्व्हरला १ ते १०. शून्य मात्र टाळा, शून्यावर कर्नल अगदी गळ्याशी येईपर्यंत स्वॅपला हात लावत नाही, मग स्वॅप रिकामा असताना ओओएम किलर येऊन डेटाबेसच मारून जातो असंही होऊ शकतं. आणि बदल केल्यावर परत व्हीएमस्टॅट बघा, नुसतं "फास्ट वाटतंय" याला काही अर्थ नाही.

पायरी ५: झेडरॅम की झेडस्वॅप

दोन्ही पेजेस कॉम्प्रेस करून रॅममधेच ठेवतात. डिस्कपेक्षा प्रोसेसर कितीतरी वेगवान, त्यामुळे कमी रॅमच्या मशीनवर फरक चटकन जाणवतो. नावं सारखी असली तरी काम वेगळं आहे. झेडरॅम हा रॅममधेच बनवलेला कॉम्प्रेस्ड डिस्कसारखा डिव्हाईस, त्यावर नेहमीसारखा स्वॅप चालू करायचा, मागे डिस्क नसली तरी चालतं. झेडस्वॅप म्हणजे डिस्कवरच्या स्वॅपच्या पुढे बसवलेली कॉम्प्रेस्ड कॅश, ती भरली की जुनी पेजेस मागे डिस्कवर ढकलली जातात. फेडोरा ३३ पासून, म्हणजे २०२० पासून, झेडरॅम डीफॉल्टला देतं.

झेडरॅमसाठी झेडरॅम-जनरेटर पॅकेज टाका आणि /इटीसी/सिस्टिमडी/झेडरॅम-जनरेटर.कॉन्फ मधे:

[झेडरॅम०]
झेडरॅम-साईझ = मिन(रॅम / २, ४०९६)
कॉम्प्रेशन-अल्गोरिदम = झेडएसटीडी
स्वॅप-प्रायॉरिटी = १००

मग सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड, आणि सिस्टिमसीटीएल स्टार्ट सिस्टिमडी-झेडरॅम-सेटअप@झेडरॅम०.सर्व्हिस. ४०९६ एमबी लिहिलं म्हणून ४ जीबी रॅम लगेच अडकते असं नाही, तो कॉम्प्रेस होण्याआधीच्या डेटाचा कमाल आकडा आहे. झेडरॅमसीटीएल मारलं की डेटा आणि कॉम्पर हे दोन कॉलम शेजारी दिसतात, किती दाबलं गेलं ते तिथेच कळतं.

सोबत दोन सेटिंग्ज. स्वॅपिनेस १०० ते १८०, कारण आता स्वॅप स्वस्त झालाय. आणि व्हीएम.पेज-क्लस्टर शून्य. तो डीफॉल्टला ३ असतो, म्हणजे एक पेज मागितलं की आसपासची धरून ८ पेजेस वाचायची, फिरत्या डिस्कसाठी ते बरोबर होतं पण झेडरॅममधे उगाच सात पेजेस जास्तीची उलगडत बसायचं. झेडस्वॅप आधीपासून चालू असेल तर तो बंद करा, नाहीतर पेजेस झेडरॅमपर्यंत पोचायच्या आधीच तो मधे पकडतो.

झेडरॅम आणि डिस्कवरचा स्वॅप दोन्ही एकत्र ठेवायचा मोह होतो, पण त्यात एक गोची आहे. प्रायॉरिटी जास्त म्हणून आधी झेडरॅम भरतो, त्यात जाऊन बसतात कधीचीच न लागणारी पेजेस, ती बाहेर निघतच नाहीत, आणि नंतरची, जरा जास्त लागणारी पेजेस जातात स्लो डिस्कवर. नेमकं उलटं. म्हणून माझं साधं गणित: डिस्कवर स्वॅप असेल तर झेडस्वॅप, बूटच्या वेळी कर्नलला झेडस्वॅप.एनेबल्ड=१ दिलं की झालं. डिस्कवर स्वॅप नको असेल किंवा एसडी कार्डवर चालणारं छोटं बोर्ड असेल तर झेडरॅम. हायबरनेट झेडरॅमवर होत नाही, मशीन बंद झालं की रॅममधलं गेलंच.

पायरी ६: खादाड प्रोग्रामला कुंपण घाला

इतकं करूनही एसआय-एसओ थांबत नसेल तर रॅम खरोखर कमी पडतेय, आणि स्वॅपची कुठलीही सेटिंग रॅम पैदा करत नाही. एकतर रॅम वाढवा किंवा जो खातोय त्याला आवरा. सीग्रुप व्ही२ (प्रोसेसच्या गटाला मर्यादा घालायची कर्नलची सोय) असलेल्या आजकालच्या डिस्ट्रोमधे हे सोपं आहे:

सिस्टिमडी-रन --यूझर --स्कोप -पी मेमरीहाय=३जी -पी मेमरीमॅक्स=४जी -पी मेमरीस्वॅपमॅक्स=१जी प्रोग्रामचं-नाव

३ जीबीच्या वर गेला की कर्नल त्यालाच हळू करतो, ४ वर आवळतो, स्वॅप १ जीबीच्या वर मिळत नाही, आणि तरी भागलं नाही तर फक्त तोच मरतो, बाकीचं मशीन चालू राहतं. मोठा कोड कंपाईल करताना मी हे नेमाने करतो. सर्व्हिस असेल तर सिस्टिमसीटीएल एडिट करून सर्व्हिसच्या भागात याच ओळी लिहा. ज्या सर्व्हिसचं काहीच स्वॅपमधे जाऊ द्यायचं नाही तिला मेमरीस्वॅपमॅक्स=० द्या, अख्ख्या मशीनचा स्वॅप बंद करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. एसएसएचसारखी (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायची) सर्व्हिस ओओएम किलरपासून वाचवायला ओओएमस्कोअरअ‍ॅडजस्ट=-५००, आकडा जितका खाली तितकी ती मरायची शक्यता कमी.

डेस्कटॉपवर अर्लीओओएम किंवा सिस्टिमडी-ओओएमडी यातलं एक चालू असू द्या. कर्नलचा ओओएम किलर फार उशिरा जागा होतो, हे दोघे मशीन गोठायच्या आधी मधे पडतात.

आणि मशीन आत्ता गोठलंय तर

स्वॅपऑफ -ए मारू नका. आधीच रॅम नाही, त्यात स्वॅपमधलं सगळं खाली ओढायला सांगताय, जे थोडंफार हलत होतं तेही थांबेल. दुसऱ्या मशीनवरून एसएसएच लागतंय का बघा, लागलं तर वरच्या ग्रेपवाल्या कमांडने आणि पीएस ऑक्स --सॉर्ट=-%मेम | हेड ने दोषी शोधा, आधी साधा किल, नाहीच ऐकलं तर किल -९. शांत झाल्यावर मशीन थोडं जड वाटत राहील, कारण पेजेस लागतील तशीच परत येतात. फ्री -एच मधे अव्हेलेबल हा वापरलेल्या स्वॅपपेक्षा बराच जास्त असेल तरच स्वॅपऑफ -ए आणि मग स्वॅपऑन -ए करून तो रिकामा करू शकता, नसेल तर राहू द्या. आपोआप काही मारलं गेलं होतं का ते जर्नलसीटीएल -के मधे आउट ऑफ मेमरी शोधून कळतं.

एसएसएचपण लागत नसेल तर कीबोर्डवर ऑल्ट, सिसआरक्यू (बहुधा प्रिंट स्क्रीनचंच बटण) आणि एफ एकत्र दाबा, कर्नल तिथल्या तिथे ओओएम किलर चालवतो आणि सगळ्यात जास्त खाणारी एक प्रोसेस मारतो. फक्त हे आधीपासून चालू असावं लागतं, कर्नल.सिसआरक्यू १ किंवा ज्यात ६४ येतं असा आकडा हवा, आणि उबुंटूमधे तो डीफॉल्टला १७६ असतो, त्यात ६४ येत नाही. म्हणून ९९-स्वॅप.कॉन्फ उघडलेली आहेच तर त्यातच कर्नल.सिसआरक्यू=२४० टाकून ठेवा, मशीन गोठल्यावर ती फाईल उघडता येणार नाही.